उभी गाडी, उतरता घाट

१

देवगोईचा घाट निम्मा उतरून झाला असेल-नसेल, तोच दाऊदच्या खिशातला फोन टणटण वाजू लागला. पाठोपाठ भाविकाचाही. मोलगीच्या पलीकडच्या पाड्यांवर सकाळपासून दोघांचे फोन मुके होते. तिथे रेंज म्हणजे नवसाचीच गोष्ट. या वळणावर ती आली आणि दिवसभराचे तुंबलेले निरोप एकदम कोसळले.

"घरून बानोचे किती मिसकॉल पडलेत बघतो," म्हणत दाऊदने खिशात हात घातला, आणि गाडी गप्प झाली.

इंजिनाची घरघर थांबली तशी आधी वाऱ्याची सळसळ ऐकू आली, मग मागच्या आमचूरच्या पोत्यांची कुरकुर. भाविकाने ब्रेक दाबला. पहिल्यांदा लागला, दुसऱ्यांदा थोडा लागला, तिसऱ्यांदा पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट झालं. स्टिअरिंग असं जड झालं, जणू कोणी पलीकडून धरून बसलंय. खालून एक बस चढत येत होती. उजवीकडे दरी, डावीकडे डोंगराची कड.

"ताई, डोंगराकडे!" दाऊद ओरडला.

तिने अंगाचा सगळा भार टाकून स्टिअरिंग डावीकडे ओढलं. गाडी कडेच्या खडकाला घासत, पत्रा चिरफाळत काही अंतर गेली आणि थांबली. बस हॉर्न वाजवत शेजारून निघून गेली, पुढे जाऊन उभी राहिली. माणसं धावत आली. भाविकाच्या कपाळावरून रक्त येत होतं, पण तिला ते कळलंच नाही. दाऊदच्या बाजूचं दार आत दबलं होतं आणि त्याचा पाय त्यात अडकला होता. तो ओरडत नव्हता, नुसता पांढराफटक पडून तिच्याकडे बघत होता.

गाडी मागे घ्यावी म्हणून तिने किल्ली फिरवली. समोरचे दिवे लागले. इंजिन मात्र हूं की चूं करेना.

दाऊदला सोडवून दवाखान्यात धाडेपर्यंत दिवस मावळायला आला. तोवर तिचे सासरे, चुनीलाल पाटील, धाकट्या मुलाला, ललितला घेऊन पोचले. बापूजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग गाडीत बसून त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

२

"बापूजींच्या हाताला गुण शे," असं कळसाडी गावात आधीपासून म्हणत. त्याला कारणही होतं.

ही पिकअप घेऊन वर्षही झालं नव्हतं. भाविकाचा नवरा हेमंत काविळीने गेला, त्यानंतर ती सहा महिने घरातून हलली नव्हती. मग तिने गाडी घेतली. खाली तापीकाठची केळी आणि कांदे वर पाड्यांवर न्यायचे, वरून आमचूर आणायचं. दाऊद हमालीला आणि सोबतीला. धंद्याचा जम बसत होता, पण गाडी दगा देत होती. पहिल्यांदा अक्कलकुव्यात एका शाळेच्या फाटकासमोर. मग तळोद्याच्या पेट्रोलपंपावर. मग पुन्हा अक्कलकुव्याच्या बाजारात. गाडी उभी करून खाली उतरावं, परत येऊन किल्ली फिरवावी, तर इंजिन मेलेलं.

शोरूमच्या वर्कशॉपमध्ये ती किती वेळा गेली! तिथे गाडी शहाण्या मुलासारखी वागे. त्यांनी बॅटरी बदलली, फिल्टर बदलला, किल्लीचा स्विच बदलला. कॉम्प्युटर लावून झाला. "दोष काहीच दिसत नाही," साहेब म्हणाला आणि हळूच विचारलं, "ताई, क्लच पूर्ण दाबता ना?"

आणि दरवेळी बापूजी धावून येत. जुनी जीप घेऊन, उन्हातान्हात. ते किल्ली फिरवत आणि गाडी सुरू होई. "चल बेटा, घरी चल," एवढंच म्हणत. कधी रागावले नाहीत.

अपघातानंतर मात्र घरात बैठक बसली. ललित म्हणाला, "गाडी काढी टाका. आज दाऊदना पाय गया, उद्या वहिनीना जीव जाई." गावात कोणी गाडीला पनवती म्हणालं, कोणी बाईमाणसाच्या ड्रायव्हिंगला नावं ठेवली. शहाद्याच्या कामरान इलेक्ट्रिशियनने गाडीत टेप बसवला होता. त्याच्या वायरिंगमुळे हे झालं म्हणून पोलीस त्याला दोनदा बोलावून गेले. दाऊदच्या माणसांनी त्याच्या दुकानापुढे शिवीगाळ केली.

"राहू दे आता गाडी," बापूजी मायेनं म्हणाले. "घरमा काय कमी शे तुले?"

किल्ली त्यांच्या खोलीतल्या खुंटीवर गेली. भाविका ओट्यावर बसून खळ्यात उभ्या गाडीकडे बघत राही. विहिरीपर्यंत गेली तरी मागून हाक येई, "कोठे चालनी, बेटा?" आठवीतली रिद्धी शाळेतून आली की आधी आईचा चेहरा बघे आणि मग दप्तर ठेवी. घर मोठं होतं, माणसं प्रेमळ होती, आणि भाविकाला श्वास पुरत नव्हता.

अशात एका सकाळी खळ्यासमोर एक छोटी कार थांबली. हिरवा स्कार्फ बांधलेली, पस्तिशीची एक बाई उतरली. नंदुरबारची इफ्फत पिंजारी, विमा कंपनीची सर्व्हेअर.

"गाडी कशी बंद पडली ते बघायला आलात का, मॅडम?" ललितने विचारलं.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "वर्कशॉपचे कागद बघून मला वाटतं, ती कोणीतरी बंद पाडली. कोणी, ते बघायला आले."

३

इफ्फतने बॉनेट उघडलंच नाही. ती खाटेवर बसली, चहा घेतला आणि भाविकाला आधी एकच प्रश्न विचारला.

"ताई, घाटात गाडी बंद पडली. त्याआधीच्या वेळीही चालता चालताच बंद पडायची का?"

भाविका विचारात पडली. "नाही. आधी कधीच चालता चालता नाही. उभी केली की परत चालू व्हायची नाही."

"नक्की?"

"नक्की. चालती गाडी फक्त घाटातच मेली."

"मग एक तर दोष दोन आहेत," इफ्फत म्हणाली, "नाहीतर एकाच दोषाचं काहीतरी चुकलं." एवढं बोलून तिने ललितला समोर बसवलं.

"ललितभाऊ, गाडीची दुसरी किल्ली तुमच्याकडे असते?"

"शे. मंग?"

"अपघाताच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही हातात पाना घेऊन बॉनेटखाली वाकला होतात, असं शेजारच्या तापीबाईंनी काल मला सांगितलं."

भाविकाने दचकून दिराकडे बघितलं. ललितचे कान लाल झाले. गाडी त्याला हवी होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाईने गाडी चालवणं त्याला आवडत नसे, हेही. तो खाली मान घालून बसला.

"बोला की," इफ्फत म्हणाली.

"बॅटरीना तारा कसी ऱ्हायंतू," तो अखेर पुटपुटला. "दरवेळी वहिनी रस्त्यावर उभी ऱ्हास. लोके हासतस. मन्हा जीव जळस. वाटनं, तार ढिली व्हई." मग एकदम भडकून म्हणाला, "तिले सांगतू ते म्हनती, मले गाडी चालवता येस, तू ऱ्हाऊ दे!"

भाविका तसंच म्हणाली असती.

इफ्फतने विचारलं, "पंपावर, बाजारात, गाडी बंद पडली तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"वावरमा. सगळ्यासले माहीत शे."

"मग तुमचा पाना तिथे पोचत नाही," इफ्फत म्हणाली आणि उठली. "ताई, चला माझ्याबरोबर. कामरान आणि दाऊदकडे जायचंय."

ओट्यावरून बापूजी लगबगीने खाली आले. "मी येस ना संगे. एकटी कशाला जाई ती?"

"एकटी कुठे? मी आहे की, काका," इफ्फत हसून म्हणाली. "आणि सर्व्हेला चालकच लागतो."

गाडी शहाद्याच्या रस्त्याला लागते न लागते तोच भाविकाचा फोन वाजला. बापूजी. "कोठलोंग पोचन्या?" थोड्या वेळाने पुन्हा. "आते कोठे शेस?" शहादा येईपर्यंत पुन्हा.

"पिकअप घेऊन जाता तेव्हाही एवढे फोन करतात?" इफ्फतने विचारलं.

भाविका म्हणाली, "नाही. तेव्हा एकही नाही." आणि म्हटल्यावर तिला स्वतःलाच ते चमत्कारिक वाटलं.

इफ्फतने गाडीचा वेग कमी केला.

४

कामरानचं दुकान शहाद्यात चुनीलाल पाटलांच्या प्लॉटवर होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरी. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. भाविकाला बघून तो उभा राहिला.

"भाभी, खुदा की कसम, टेपची वायर वेगळी आहे. इंजिनाच्या लाइनीला तिचा काही संबंध नाही."

"टेपशिवाय अजून काय बसवलं?" इफ्फतने विचारलं.

कामरानने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची नजर डोक्यावरच्या पत्र्याकडे गेली, मग रस्त्याकडे.

"काही नाही," तो म्हणाला.

"पोलीस तुला उद्या परत बोलावतील, कामरान."

"बोलावू द्या." त्याने हातातली वायर खाली टाकली. "मी तोंड उघडलं तरी फसलो, नाही उघडलं तरी फसलो. तुम्ही जा मॅडम. भाभी, मला माफ करा."

"कशाबद्दल माफ?" भाविकाने विचारलं. त्याने पाठ फिरवली.

नंदुरबारच्या दवाखान्यात दाऊदचा पाय लोखंडी सळ्यांनी जखडून टांगलेला होता. शेजारी त्याची बायको अख्तरबानो बसली होती. भाविकाला बघताच तिने तोंड वळवलं.

"मॅडम, यांच्या गाडीत मी माणूस धडधाकट पाठवला होता," ती इफ्फतला म्हणाली. "आता बघा. खाटेला बांधून पडलाय."

"बानो, गप," दाऊद म्हणाला. "ताईंनी गाडी डोंगराला लावली म्हणून आज बोलतोय. दरीत गेलो असतो तर कोणाला बोलली असतीस?"

इफ्फत त्याच्या उशाशी बसली. "दाऊदभाई, त्या दिवशी वर पाड्यावर गाडी कुठे उभी होती?"

"डोंगरसिंगच्या अंगणात. सकाळपासून दुपार ढळेपर्यंत. आमचूर वजन करून भरायचं होतं."

"निघताना सुरू झाली?"

"एका फटक्यात! मी ताईंना म्हणालोसुद्धा, वरची हवा गाडीला मानवते. तिथे कधीच दगा दिला नाही हिने. चढण असो, ऊन असो."

"आणि घाटात बंद पडली त्याच्या अगदी आधी काय झालं? अगदी आधी?"

दाऊदने डोळे मिटले. "काही नाही. रेंज आली. फोन वाजायला लागले. मी खिशात हात घातला, आणि..." त्याने डोळे उघडले. इफ्फतचा चेहरा बघून तो थांबला.

"काय झालं, मॅडम?"

पण इफ्फत भाविकाकडे बघत होती. "ताई, तळोद्याच्या पंपावर गाडी बंद पडली, तेव्हा तुम्ही घरी फोन केलात. काय बोलणं झालं, आठवतं?"

"मी म्हणाले, बापूजी, गाडी परत बंद पडली. ते म्हणाले, पंपावरच थांब, उन्हात फिरू नको, मी आलो." भाविका सहज सांगत होती. मग तिचे शब्द अडखळले.

पंपावर आहे, हे तिने सांगितलंच नव्हतं.

५

परतीच्या वाटेवर भाविकाचा फोन वाजत राहिला. तिने तो उचलला नाही. इफ्फतने वाटेत शहाद्याला थांबून कामरानला गाडीत घेतलं. तो निमूट आला.

खळ्यात बापूजी येरझाऱ्या घालत होते. "फोन का उचली नही ऱ्हायनी? जीव टांगनीले लागना ना मन्हा!"

"बसा, काका," इफ्फत म्हणाली. "ललितभाऊ, तुम्हीही बसा. मी रिपोर्टमध्ये काय लिहिणार ते आधी इथे सांगते."

ती पिकअपच्या चिरफाळलेल्या पत्र्याला टेकून उभी राहिली.

"गाडीत खरा दोष असता, तर तो डोंगरात दिसला असता. चढणीला, उन्हात, ओझ्याखाली. पण डोंगरात ही गाडी लोण्यासारखी चालते आणि सपाटीवर पेट्रोलपंपावर मरते. म्हणजे दोष इंजिनाचा नाही. मग कोणी तारा सैल केल्या असतील? तसं असतं तर नुसती किल्ली फिरवून ती सुरू झाली नसती. तार कोणीतरी परत जोडायला हवी. पंपावर, बाजारात, शाळेसमोर, गाडीजवळ कोणी आलं नव्हतं. म्हणजे गाडीला हात न लावता, लांबून ती बंद करता येते आणि लांबूनच सोडता येते."

"लांबून?" ललित म्हणाला. "जादू शे का?"

"फोन आहे. गाडीत एक डबी बसवतात, सिमकार्डाची. गाडी कुठे आहे ते फोनवर नकाशात दिसतं. चोराने पळवली तर फोनवरून इंजिनाचा पुरवठा तोडता येतो. पण त्या डबीला रेंज लागते. डोंगरसिंगच्या अंगणात रेंज नाही, म्हणून तिथे गाडी कधी अडली नाही."

कामरान मातीकडे बघत होता. बापूजी अगदी स्थिर झाले होते.

"आता घाट," इफ्फत म्हणाली. "बंद करणारा माणूस वाईट नव्हता. तो जपून वागत होता. नकाशात गाडी उभी दिसली तरच तो बटण दाबायचा, चालत्या गाडीला कधीच हात लावत नव्हता. म्हणूनच आधी कोणाला खरचटलंही नाही. त्या दिवशी गाडी घाट चढत असताना एका वळणावर रेंज संपली. डबीचा शेवटचा निरोप त्या वळणावरून आला. नकाशात गाडी तिथेच उभी दिसत राहिली. तास गेले, तरी तिथेच. त्याला वाटलं, थांबलीय. त्याने बटण दाबलं."

"पण गाडी ते तिथं नव्हती," ललित हळूच म्हणाला.

"नव्हती. हुकूम निघाला, पण घ्यायला कोणी नव्हतं. तो तसाच लटकत राहिला, दाऊदच्या मिसकॉलांसारखा. संध्याकाळकडे गाडी उतरताना त्याच वळणावर रेंजमध्ये आली आणि सगळ्यांचे निरोप एकदम पोचले. डबीचासुद्धा. स्वस्तातली डबी, गाडी चालतेय की उभी, हे ती बघत नाही."

इफ्फतने गाडीचं दार उघडलं, डॅशबोर्डखाली हात घालून झाकण ओढलं. वायरींच्या गुंत्यात काडेपेटीएवढी काळी डबी होती. तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता.

"कामरान?"

"मीच बसवली," कामरान रडत म्हणाला. "चोरीची भीती आहे, म्हणाले. भाभींना सांगू नको, त्या घाबरतील, म्हणाले. अपघातानंतर मी विचारलं, तर म्हणाले, तुझी टपरी कोणाच्या जागेवर आहे ते विसरू नको."

आता सगळ्यांनी एकाच माणसाकडे बघितलं.

६

बापूजींनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि खाटेवर ठेवला.

"मी चालती गाडीले कधी हात नही लाया," ते म्हणाले. "हेमंतनी आन. ती उभी दिसनी मले."

"का, बापूजी?" भाविकाने विचारलं.

"तू अक्कलकुवामा खोली बघी ऱ्हायंती. रिद्धीसाठे शाळा बघी ऱ्हायंती. मले समजत नही का?" म्हाताऱ्याचे डोळे वाहू लागले. "एक पोऱ्या गया. तू गयी ते हेमंतनं काय उरस ह्या घरमा? मी फक्त थांबाडं, बेटा. गाडी चालू नही व्हयनी की तू घर येस. बस, एवढंच."

"मी विचारलं असतं तुम्हाला," ती म्हणाली. "खोली ठरल्यावर पहिल्यांदा तुम्हालाच घेऊन जाणार होते दाखवायला. दर रविवारी रिद्धीला आणलं असतं. तुम्ही नको म्हणाला असता तर भांडले असते, रडले असते. पण समोर बसून." "त्याऐवजी तुम्ही मला रस्त्यावर उभी करायचात आणि मग येऊन डोक्यावर हात ठेवायचात. मी तुमचे पाय धरायचे, बापूजी. देवमाणूस म्हणून."

त्यांनी तोंड झाकून घेतलं.

"आणि कामरानला पोलीस नेत होते तेव्हा तुम्ही जेवत होता."

ललित उठून भिंतीपाशी गेला आणि तिकडे तोंड करून उभा राहिला.

इफ्फतने हलकेच विचारलं, "ताई, मला हे लिहावं लागेल. पोलिसांपर्यंत जाईल. तुमचं काय म्हणणं?"

बापूजींनी वर बघितलं. भाविकाला हेमंतची आठवण आली. तो रागावला की असाच, लहान मुलासारखा वर बघायचा. क्षणभर तिचं मन डळमळलं. मग तिला दवाखान्यातला तो टांगलेला पाय दिसला.

"जे झालं ते लिहा," ती म्हणाली. "कामरान, ती डबी काढ."

कामरानने तारा सोडवल्या, मूळची वायर जोडून वर टेप गुंडाळला. हिरवा दिवा विझला. भाविका आत गेली, खुंटीवरची किल्ली घेऊन आली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. पत्रा फाटला होता, एक दिवा फुटला होता, पण इंजिनाला काही झालं नव्हतं. गाडी सुरू झाली.

"बापूजी, या. बसा."

"कोठे?"

"नंदुरबारला. दाऊदला हे तुम्ही स्वतः सांगायचं. अख्तरबानोसमोर. मी सांगणार नाही, मॅडम सांगणार नाहीत."

"आज नको. उद्या जासूत. मन्हा पाय..."

"ललितभाऊ, यांना बसवा."

ललितने क्षणभर वडिलांकडे बघितलं, मग भावजयीकडे. त्याने बापूजींच्या काखेत हात घालून त्यांना दाऊदच्या जागेवर चढवलं. दबलेलं दार बसेना, म्हणून बाहेरून दोरीने बांधलं. ते आतून उघडण्यासारखं नव्हतं.

गाडी खळ्यातून निघून रस्त्याला लागली. ऊस मागे पडला, कापसाची रिकामी वावरं मागे पडली. बापूजी दोन्ही हात मांडीत घेऊन बसले होते. शहादा ओलांडल्यावर त्यांनी एकदा दाराच्या कडीला हात लावला, ती हलत नाही हे बघितलं आणि घसा साफ करून म्हणाले, "बेटा, जराशी थांबाड. मले उतरू दे. मन्हाकडून नही सांगावनार त्याले."

भाविकाने रस्त्यावरची नजर काढली नाही. तिने गिअर बदलला आणि गाडीने वेग घेतला.

"बसा, बापूजी," ती म्हणाली. "आता मी थांबवीन तेव्हाच थांबेल."